फळीवरचा माणूस

डॉक्टर म्हणाले, रक्तदाबाला छंद बरा. बायको म्हणाली, घराबाहेरचा बघा. म्हणून बावन्नाव्या वर्षी मी तैलचित्रांच्या क्लासला जाऊ लागलो.

मास्तरांची पद्धत एकच. वर्षभर एका चित्राची नक्कल. चौकोन आखा, मूळ चौकोनातलं आपल्या चौकोनात उतरवा, डोकं चालवू नका. माझ्या वाट्याला हमालाचं चित्र आलं: फळीवरून पोतं घेऊन जहाजाकडे चाललेला उघडा माणूस, नजर थेट क्षितिजावर. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. श्रमाची प्रतिष्ठा मला तोंडपाठ आहे. चित्र लगेच आवडलं.

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं हमाली केली. स्टाफरूममध्ये मी ‘मालवाहतुकीत होते’ असं सांगतो. खोटं कुठे आहे?

कॅनव्हास घरी आणला तेव्हा बाबांनी चष्मा पुसून घातला.

“हा कुठं बघतोय?”

“क्षितिजाकडे. उद्याच्या जगाकडे.”

“फळी पायाखाली आहे. पडेल की मेला.” ते आणखी जवळ गेले. “आणि पोतं असं मानेवर? काढणाऱ्यानं कधी पिशवी तरी उचलली होती का?”

“मग कसं घेतात, दाखवा ना.”

मला वाटलं, तोंडी सांगतील. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने शर्ट काढला आणि माझी अर्थशास्त्राची पुस्तकं पोत्यात भरायला लावली. “वजनाला तरी उपयोगी पडतील.” पोतं पाठीवर घेण्याआधी एक अट घातली. “पण मग हा मीच, हं. तोंडासकट.”

“तुम्हीच, बाबा.”

दीड तास उभे राहिले. पुढचे दोन दिवस त्यांना सरळ होता येईना, तरी तिसऱ्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन आले. “त्याला म्हटलं, बेतानं काप, चित्रात यायचंय.”

चित्रातला माणूस आता खाली बघत होता आणि पहिल्यांदाच खरोखर चालत होता. मास्तरांनी तो पाहिला.

“हा म्हातारा कोण?”

सांगता आलं असतं. मी म्हणालो, “मॉडेल.”

“नक्कल करायला सांगितली होती, दुरुस्ती नाही. हे घरी लावा. क्लासच्या प्रदर्शनाला मुळाबरहुकूम हवं.”

प्रदर्शनाला आमचे प्राचार्य पाहुणे होते. तेलरंगाची सोय अशी की तो बरेच दिवस ओला राहतो. टर्पेंटाइन आणि चिंधी, दहा मिनिटांचं काम. पाठ लगेच निघाली. तोंडावरून दोनदा फिरवावी लागली. मग चौकोन मोजून क्षितिज पाहणारा परत आणला. घरी काही बोललो नाही. बाबांनीही विचारलं नाही.

मला दुसरं बक्षीस मिळालं, ‘मूळ चित्राशी इमान’ राखल्याबद्दल. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. प्राचार्य शेजारी आले.

“काय नजर आहे! कष्टकऱ्याचा स्वाभिमान!” मग बाबांकडे वळले. “काका, तुम्ही कशात होतात?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर त्यांना येत होतं, तरी थांबले.

“मालवाहतुकीत,” मी म्हणालो.

“अरे वा,” प्राचार्य म्हणाले.

बाहेर आम्ही रिक्षाची वाट बघत थांबलो. बाबा म्हणाले, “पुसायला बरंच घासावं लागलं असेल.”

मी प्रमाणपत्राची गुंडाळी करत राहिलो.

“चार दिवस हाताला वास येत होता तुझ्या. घरभर.”

“माहीत होतं, तर आलात कशाला?”

“तू स्वतः सांगशील, वाटलं होतं. इथं, माणसांत.”

रिक्षा आली. पायरी उंच होती आणि त्यांचा गुडघा वाकेना. मी हात पुढे केला. त्यांनी आधी दांडी शोधली, मग सीटची कड चाचपली. धरण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून माझा हात धरला.