समुद्राचा तळ आणि जयंतीचं पाणी

मानखुर्दच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीला पाणी प्यायचं ते दादूंच्या स्टॉलवर. टेम्पोभर पाऊच यायचे, लोक दातांनी फोडून पाणी प्यायचे आणि रिकाम्या पिशव्या मागच्या नाल्यात जायच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

या वर्षी दादूंची मुलगी संघमित्रा घरी होती. खोल समुद्राचा अभ्यास करणाऱ्या जहाजावरून ती नुकतीच परतली होती. दादूंनी ऑर्डर द्यायला फोन उचलला, तशी ती म्हणाली, "पप्पा, या वर्षी पाऊच नको."

दादूंना लागलं. "आपल्या माणसांना एके काळी पाण्याला हात लावू देत नव्हते. आज मी सगळ्यांना पाणी पाजतो. त्यातही तुला खोट दिसते?"

"पाण्यात नाही, पप्पा. पिशवीत."

तिने मोबाइलवर व्हिडिओ लावला. जहाजावरून कॅमेरा खूप खाली सोडलेला. मिट्ट काळोखात राखाडी गाळ, त्यावर एक नाजूक, पांढुरका जीव आणि त्याच्या शेजारी अर्धी रुतलेली प्लास्टिकची पिशवी.

"तिथे ऊन नाही, लाटा नाहीत. गेलेलं तसंच पडून राहतं. आपला नाला खाडीत जातो ना? मग खाडी कुठे जाते?"

दादूंनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

"हे तू स्वतः पाहिलंस?"

"हो. स्क्रीनसमोर मीच बसले होते. पार वाट लागलीय, पप्पा."

जयंतीला स्टॉलवर पाण्याची पिंपं आणि विहारातले स्टीलचे पेले आले. गर्दी वाढली तसे पेले कमी पडू लागले.

"दादूकाका, पाऊचच बरे होते यार," कुणीतरी कुरकुरलं.

"थांब जरा, देतो," म्हणत दादू पेले विसळत राहिले. घामाने त्यांचा पांढरा सदरा भिजला. ते पाहून शेजारची शकू पदर खोचून त्यांच्या बाजूला बसली. मग आणखी दोघीतिघी आल्या. रांग हलू लागली.

"हे नवीन काय काढलंय?" एका पाहुण्याने विचारलं.

दादू ताठ उभे राहिले. "माझी मुलगी समुद्राचा तळ बघून आलीय. आपला कचरा तिथवर पोचलाय म्हणते. आपण तरी आता पाठवायचा नाही."

त्या संध्याकाळी नाल्यात स्टॉलची एकही पिशवी गेली नाही.

मित्रहो, समुद्राचा तळ आपल्याला दिसत नाही, पण त्याची वाट आपल्याच दारातून जाते. तहानलेल्याला पाणी पाजणं हा मोठा मान आहे. ते कुणाचंही घर न नासवता पाजलं, तर तो मान आणखी मोठा होतो!