पुढे वाचा

तिसरीच्या वर्गाचा ब्लॉग सुरू करताना बाईंनी दोन नियम केले. खरं नाव लिहायचं नाही, प्रत्येकाने एकेका प्राण्याचं नाव घ्यायचं. आणि लिहिलेलं कुणी कितीही कुरकुर केली तरी पुसायचं नाही. पटलं नाही तर खाली उत्तर लिहायचं. दुसरा नियम वर्गातल्या भांडकुदळांसाठी होता. तो एखाद्या आजीला लावावा लागेल, हे बाईंच्या स्वप्नातही नव्हतं.

आजी मधल्या सुट्टीत आली. मागे नात, चपला घासत.

"हिने माझी अब्रू चव्हाट्यावर मांडली," आजी म्हणाली. "खालच्या मजल्यावरची शिंपीण मोबाइल नाचवत वर आली. म्हणते, आजी, तुमच्या घोरण्याने खिडकीच्या काचा थरथरतात होय? तिचा मुलगा ह्याच वर्गात. म्हणजे सगळ्या आयाबायांनी वाचलं असणार. ते आत्ताच्या आत्ता पुसा."

बाईंना हसू येऊ लागलं, म्हणून त्यांनी पाठ फिरवून कोरा फळा पुसायला घेतला. ही नात म्हणजे ब्लॉगवरची गोगलगाय. नाव तिचं तिनेच निवडलेलं, आणि शोभणारं. दोन ओळींच्या पुढे तिची पेन्सिल कधी सरकली नव्हती. 'माझ्या घरातला आवाज' हा विषय दिला तेव्हा मात्र तिने डब्यालाही हात न लावता पानभर लिहिलं, मग एका बोटाने सगळं टाइप केलं. आता ते पुसलं, तर पोर पुन्हा शंखात जाईल ती बाहेर यायची नाही.

मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. शाळा त्यांची, काळजी त्यांची. "काढून टाका ना. मी वाचलंय ते. चार ओळी तर आहेत."

"चार नाहीत," गोगलगाय पुटपुटली. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"नियम मोडला तर उद्या तीस जणांना काय तोंड दाखवू?" बाई म्हणाल्या. "आजी, तुम्ही उत्तर लिहा. तेही कुणी पुसणार नाही. मीसुद्धा नाही."

"मला कुठे येतंय त्या यंत्रावर?"

"नात लिहील. तुम्ही सांगाल ते, जसंच्या तसं."

हे आजीला पसंत पडलं. "बस गं. चांगली हजेरी घेते तुझी."

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे आजी मुलांच्या खुर्चीवर बसली. गुडघे पार छातीशी आले. तिने चष्मा चढवला. "लिही. मी घोरत नाही. जरा जोरात श्वास घेते."

"थांब, उत्तराची चौकट शेवटी असते," नात म्हणाली आणि चार ओळींखालचं 'पुढे वाचा' दाबलं. लेख उलगडत खाली गेला.

"अगं, हे अजून आहे?"

बाईंच्या आता लक्षात आलं. सगळ्यांचे लेख एका पानावर मावावेत म्हणून ती सोय त्यांनीच केली होती, भाच्याकडून शिकून. लोक चार ओळींवर थांबतील हे ना भाच्याने सांगितलं, ना त्यांना सुचलं.

आजी ओळीखाली बोट धरून वाचत होती. 'कधी कधी आवाज मध्येच बंद होतो. मग मला जाग येते. मी आजीच्या नाकापुढे हात धरते. वारा लागला की झोपते. वारा यायला उशीर झाला तर तिचं पांघरूण ओढते. ती ओरडते, मग मला बरं वाटतं.'

आजीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"पांघरूण तू ओढतेस होय? मी त्या मांजराला शिव्या घालत होते."

"मांजर माझ्या पायाशी असतं."

"बिचारं."

बाईंनी हळूच डॉक्टरांचा विषय काढला. "बघू," आजी म्हणाली. मग जरा थांबून, "जाईन." मोठ्या बाई एव्हाना आजीच्या खांद्यावरून वाचत होत्या आणि पुसायचं नाव काढत नव्हत्या.

"आजी, काय लिहू?" गोगलगायीचं बोट वर तयारीत होतं.

"लिही. घोरते."

टक, टक, टक.

"पुढे?"

"आणि थांबणार नाही. पूर्णविराम दे."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुलं धडाधड आत शिरली. दोघी डोक्याला डोकं लावून पूर्णविरामाचं बटण शोधत होत्या, म्हणून बाईंनी गणिताचा तास जरा उशिरा सुरू केला.