हेस्टरचा तुर्की पडदा

"डोरा, हात सोडू नकोस गं. पायऱ्या आहेत का इथं?"

"दोनच आहेत. आणि हळू बोल, सगळे बघतायत."

"बघू देत. मला कुठं दिसतायत ते!"

मँचेस्टरच्या प्रदर्शनात मी हेस्टरला अशी हाताला धरून फिरवत होते. मॅकल्सफील्डच्या रेशीमगिरणीत मी मागावर, ती वर नक्षीच्या खोलीत. चौकड्यांच्या कागदावर एकेक घर रंगवून ती वेलबुट्टी मागासाठी उतरवायची. बत्तीस वर्षं. एक घर चुकलं की कापडात धागा सुटा लोंबतो, मग मी तिला शिव्या घालायचे आणि ती मला. त्याच कामात तिचे डोळे गेले. गिरणीने काय दिलं? दिवा फार जाळते म्हणून बोलणी दिली.

हा पडदा तिचा शेवटचा. लंडनच्या संग्रहालयात तुर्कस्तानच्या जुन्या फरश्या आहेत, त्यांच्यासमोर ती तीन दिवस स्टुलावर बसली होती. परतली ती वेडावूनच. "अगं, नक्षी संपून पुन्हा सुरू होते ना, तो जोड त्यांनी कसा लपवलाय माहितेय? लांब पान वाकवून थेट फुलावरून नेलंय! आणि आपण जन्मभर तिथं फुलं कोंबतोय!" तसंच पान तिने या पडद्यात वाकवलं. थोरले मालक खूश झाले. "या खेपेला प्रदर्शनातल्या पाटीवर तुझं नाव घालू," म्हणाले. त्या एका वाक्यावर बाई वर्षभर जगली.

पडदा झकास टांगला होता. लोक थांबून बघत होते.

"पाटी कुठंय? वाच ना."

नक्षी: श्री. ऑगस्टस विंटरबॉटम. म्हणजे धाकटे मालक. या माणसाला सरळ रेघ मारता येत नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"नक्षी, हेस्टर पॉट," मी ठणकावून म्हटलं.

ती पुढे वाकली, नाक पाटीला टेकेल इतकी. अक्षरं नाही, पण काळा पट्टा तेवढा तिला दिसत असावा. त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने सावकाश बोट नेलं.

"माझं नाव एवढं लांब नाही गं, डोरा."

मला रडू आवरेना. तिने माझा हात थोपटला.

"पण वाचलंस किती छान," ती म्हणाली. "पुन्हा एकदा वाच."

मी पुन्हा वाचलं. जरा मोठ्याने.