बंद केलं तरी कापतंय

माकणीत हिंमतरावांना सगळे वायरमनच म्हणायचे. वादळवाऱ्यात खांबावर चढलेला माणूस म्हणून गावात त्यांना मान होता. कुणाच्या घरचा तंटा असो की सोयरिकीची बोलणी असोत, वायरमन आल्याशिवाय बैठक सुरू व्हायची नाही. ते कमी बोलायचे आणि बोलले की लोक ऐकायचे. अशा माणसाच्या मोबाईलात काय आहे, हे कुणाला कळलं असतं तर? नुसत्या विचारानंही त्यांचे कान तापायचे. आणि होतं ते तसं पापही नव्हतं.

बायको सीताबाई जाऊन दोन पावसाळे झाले होते. घरात मुलगा मल्हार होता, सून आरोही होती, गोठ्यात म्हशी होत्या. दिवस कामात निघून जायचा. जेवणं झाली की मात्र नवराबायको आपल्या खोलीत जायची आणि हिंमतराव ओसरीवर मोबाईल घेऊन बसायचे. एकदा गावरान औषधांचे व्हिडिओ बघता बघता एक जाहिरात आली. उतारवयात जोडीदार शोधणाऱ्यांसाठी 'पुनर्गाठ' नावाचं ॲप. पहिला आठवडा एका रुपयात. इकडंतिकडं बघून त्यांनी बोट लावलं, पिन टाकला आणि लगेच पडद्यावर हात धरला, जसं काही भिंतीलाही डोळे होते.

तिथं त्यांना लक्ष्मम्मा भेटली. अक्कलकोटकडची, नवरा वारलेला, पोरी नांदायला गेलेल्या. कानडी वळणाचं तिचं मराठी त्यांना गोड वाटायचं. रानात झाडाखाली सावलीला बसून ते तिच्याशी दोनदा बोलले. पाऊसपाणी, गुडघेदुखी, एकट्यापुरता स्वयंपाक करायचा कंटाळा. दुसऱ्या वेळी तिनं सरळच विचारलं.

"घरी सांगितलाव का तुमी?"

"न्हाय अजून. सांगतो."

"सांगा आणि मग फोन करा. म्या चोरून बोलणारी बाई न्हाय."

त्या संध्याकाळी ते मल्हारला सांगणारच होते. पण जेवताना मल्हारनंच लोहारा गावच्या कुणा मास्तराची गोष्ट काढली. बायको गेल्यावर मास्तरानं दुसरं लग्न केलं होतं. "नातवंडं खेळवायच्या वयात नवरदेव! लाज कशी वाटत न्हाय म्हणतो म्या," मल्हार हसत म्हणाला. हिंमतराव ताटातली भाकरी नुसतीच चुरत राहिले. दुसऱ्या दिवशी ॲप उघडून त्यांनी 'मेंबरशिप रद्द करा' दाबलं. 'तुमची मेंबरशिप बंद झाली आहे,' असं आलं. मग ते ॲपही काढून टाकलं. लक्ष्मम्माला फोन करायचा धीर काही झाला नाही.

पुढच्या महिन्यात खात्यातून तीनशे नव्व्याण्णव रुपये गेले. त्याच्या पुढच्याही महिन्यात गेले. मेसेजात कुठल्याशा डिजिटल कंपनीचं इंग्रजी नाव असायचं, पण पैसे कशाचे ते हिंमतरावांना बरोबर कळायचं. एकदा ते बँकेत गेले. काउंटरवरच्या साहेबानं मोठ्यानं विचारलं, "कशाचं ॲप हाय काका ते?" रांगेत गावची चार माणसं उभी होती. "ऱ्हाऊ द्या, बघतो म्या," म्हणून ते माघारी फिरले. कंपनीच्या नंबरावर फोन लावला तेव्हा गोठ्यातून आरोही आली आणि त्यांनी फोन कापला. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, जाऊ दे, लाजेचा दंड समजायचा. मेसेज आला की पुसायचा, एवढंच ते करत राहिले.

पण घरातला किराणा, पेंड, दवाखाना हे सगळं आरोही त्यांच्याच मोबाईलवरून भागवायची. पिनही तिला ठाऊक होता. पीकविम्याचे पैसे आले का बघायला मल्हारनं एक दिवस सकाळी मोबाईल हातात घेतला आणि नेमका तेव्हाच तो मेसेज आला. मल्हारनं मागचे व्यवहार काढून बघितले.

"आरोही, दर महिन्याला हे कुठं जातंय गं?"

"मला काय म्हाईत? किराण्याबिगर म्या काय करत न्हाय."

"मग भूत येतंय का घरात? तुझ्या भावानं नवं दुकान टाकलंय नव्हं नळदुर्गात. हप्ता हाय का त्येचा?"

आरोहीचा चेहरा पांढरा पडला. तिनं सासऱ्याकडं बघितलं. हिंमतराव चहा पीत होते. ते एक वाक्य बोलले असते तर तिथंच सगळं मिटलं असतं. ते वाक्य त्यांच्या जिभेवर आलं, आणि मास्तराची गोष्ट सांगताना हसणारं मल्हारचं तोंड आठवून त्यांनी ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं. "बघू सावकाश," एवढंच ते म्हणाले आणि पायात चपला घालून बाहेर पडले.

त्या दिवसापासून आरोहीनं त्यांच्या मोबाईलला हात लावला नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. मल्हार घुश्श्यात होता. त्यानं रागाच्या भरात आपल्या सासऱ्याला फोन लावला आणि नको ते बोलून बसला.

चार-दोन दिवसांनी दुपारी शिवानंद आले. आरोहीचे वडील, हिंमतरावांचे व्याही. नळदुर्गला हायवेवर ट्रकांच्या टायरचं त्यांचं जुनं दुकान होतं, त्यांच्या नखांत कायम काळं भरलेलं असायचं. पोरीची सोयरीक वायरमनच्या घरी झाली याचं त्यांना केवढं कौतुक! ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि कुणी काही बोलायच्या आत खिशातून रुमालात बांधलेल्या नोटा काढून हिंमतरावांसमोर ठेवल्या.

"इवाई, पोरीची चूक झाली आसंल. तिला पदरात घ्या. हे काय कमी पडत आसंल तर म्या आणून देतो." आणि त्यांनी हात जोडले.

दाराआडून आरोही ओरडली, "आप्पा, म्या न्हाय घेतले!"

"गप बस," शिवानंद खाली मान घालून म्हणाले. "इवायांच्या घरात वाद नगं."

हिंमतरावांना त्या जोडलेल्या हातांकडं बघवेना. आपण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरचे न्याय केले आणि आपल्या ओसरीवर एक सरळ माणूस न केलेल्या चोरीची भरपाई घेऊन बसलाय. रुमाल उचलून त्यांनी शिवानंदांच्या मांडीवर ठेवला.

"ठिवा इवाई. पोरीनं काय केलं न्हाय. ते पैसे म्या घालवले."

"तुमी? कशावर?" मल्हारनं विचारलं.

"लगनाच्या ॲपवर." शब्द निघाले तेव्हा ते जमिनीकडं बघत होते. "दुसरं लगीन करावं म्हणून नाव घातलं हुतं. मग बंद केलं. बंद केलं तरी कापतंय."

आरोही बाहेर आली. डोळे पुसलेले, पण आवाज कोरडा होता.

"लावा त्यांस्नी फोन. आत्ता. आवाज मोठा करून लावा."

त्यांनी लावला. सगळ्यांच्या मधोमध मोबाईल ठेवला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार सर, पुनर्गाठमध्ये आपलं स्वागत आहे. आपल्याला मनासारखा जोडीदार मिळाला का?"

मल्हारनं तोंड फिरवलं. हिंमतराव मोबाईलकडं वाकले. "न्हाय," ते म्हणाले. "माझं बंद करा. बंद केलं तरी पैसे जातेत."

"सर, आपली प्रोफाइल बंदच आहे. पण दर महिन्याला पैसे कापायची परवानगी आपण पेमेंट ॲपमध्ये दिली होती. आमचं ॲप काढलं तरी ती राहते. पेमेंट ॲपमध्ये ऑटोपे म्हणून आहे, तिथून ती रद्द करा. कापलेल्या पैशांची तक्रार मी नोंदवून घेते. बंद करण्याचं कारण सांगाल का?"

"घरात सांगायची हिंमत झाली न्हाय," हिंमतराव म्हणाले. मुलीनं ते कारण लिहून घेतलं. मग तिनं तक्रारीचा नंबर दिला.

आरोहीनं मोबाईल उचलला. जरा शोधावं लागलं, पण ऑटोपे सापडलं. आत कंपनीचं नाव होतं आणि समोर 'चालू'. तिनं रद्दवर बोट ठेवलं, पिन मागितल्यावर मोबाईल त्यांच्यापुढं धरला. "पिन तुमी टाका. म्या न्हाय टाकत." पहिल्यांदा पिन चुकला. दुसऱ्यांदा 'रद्द झाले' असं आलं.

"मामा," आरोही म्हणाली, "तुमी लगीन करा न्हायतर नका करू, त्येचं मला काय न्हाय. पर ह्येनी मला चोर म्हणलं तवा तुमी हितंच बसून चहा पीत हुता."

तिनं पिशवी भरली आणि ती वडिलांबरोबर नळदुर्गला गेली. मल्हारनं अडवलं नाही. बाप आणि मुलगा दोघंही एकमेकांच्या नजरा चुकवत घरात फिरत राहिले.

गावाला मात्र गोष्ट वेगळीच पोचली होती. स्टँडजवळच्या हॉटेलात हिंमतराव चहाला गेले तेव्हा रामहरी पाटलानं आवाज खाली करून म्हटलं, "वायरमन, सून हाताची चांगली न्हाय म्हणं? माह्येराला धाडली ते बरं केलं. आशी मानसं घरात न्हाय ठिवू."

पाटील आपलाच कैवार घेतोय हे हिंमतरावांना कळलं. हूं म्हणून निघून गेलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"माझ्या सुनंनं काय घेतलं न्हाय पाटील," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "लगीन जुळवायच्या ॲपवर म्या नाव घातलं हुतं. त्येचे पैसे कापले जात हुते. आन् तिच्यावर आळ आला तरी म्या गप ऱ्हायलो. कुणी इचारलं तर आसंच सांगा."

मग मागच्या बाकड्यावरून कुणीतरी फिसकन हसलं. "मंग वायरमन, कधी उडवायचा बार?" सगळं हॉटेल खदखदलं. हिंमतराव पैसे देऊन बाहेर आले. कान पेटले होते, पण ते पळाले नाहीत.

त्यानंतर वायरमनचे नवरदेव झाले. पोरं लांबून हाका मारायची. पुढच्याच आठवड्यात गावात वाटणीची बैठक होती, तिला त्यांना बोलावणं आलं नाही.

हॉटेलातलं मल्हारच्याही कानावर गेलं. संध्याकाळी तो बापापुढं येऊन उभा राहिला. "अण्णा, गावभर सांगायची काय गरज हुती?"

"गावभर तिचं नाव झालं हुतं. घरात सांगून कसं भागंल?" हिंमतराव म्हणाले. "म्या गप ऱ्हायलो, ती माझी चूक. बोट तू दाखवलंस, ती तुझी. जा, तिच्या बापासमोर तसं म्हण आन् ती येत आसंल तर घिऊन ये."

मल्हार सकाळी मोटारसायकल काढून नळदुर्गला गेला. दिवस कलताना दोघं आली. आरोही खाली उतरली, पदर सारखा केला आणि ओसरीपाशी थांबली. हिंमतराव उभे राहिले. त्यांना माफी मागायची होती. शब्द जुळवूनही ठेवले होते, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "आलीस?"

"व्हय," ती म्हणाली. "हाटेलात तुमी काय बोललाव ते कळलं आमाला. दुकानात आलेल्या माणसाला आप्पांनी ते दोनदा सांगायला लावलं."

ती हसली नाही, पायाही पडली नाही. पिशवी घेऊन आत गेली. थोड्या वेळानं आतून चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला. हिंमतराव ओसरीवर तसेच उभे होते. आत जावं की बोलावलं जाईपर्यंत इथंच थांबावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.