भरल्याशिवाय न सुटणारी जीप

मित्रांनो, माझ्या टपावर कोंबडी बसलेली दिसते म्हणून मला खुराडं समजू नका. मी जीप आहे. जुनी आहे, चाकं काढून मला विटांवर टेकवलेलं आहे, एका दिव्याची काच फुटलेली आहे, हे सगळं कबूल. पण कशेळे ते कर्जत हा रस्ता माझ्याइतका कुणी घासला असेल, तर त्यानं समोर यावं आणि तसं म्हणून दाखवावं.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी हिरवीगार आणि चकचकीत होते. पहिला मालक एक कंत्राटदार होता. तो मला वीटभट्टीवर आणि खडीच्या खाणीवर पळवायचा. तिथं माझा रंग गेला आणि आवाजही बसला. कंत्राटदाराचं माझ्यावरचं मन उडालं, तेव्हा कशेळ्याच्या चंदरनं मला घरी आणलं. त्यानं मला आधी पाण्यानं धुतलं, मग पुढच्या काचेशी बाबासाहेबांचा फोटो लावला, आणि बायकोला म्हणाला, "आता हिच्या जिवावर आपल्या पोरीचं शिक्षण हाय, बरं का." असं काही कानावर पडलं की जुन्या गाडीतही बळ येतं. मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले.

मित्रांनो, आमच्या धंद्याचा एक नियम आहे. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. घड्याळ एसटीसाठी. आमचं घड्याळ म्हणजे माणसं. मागची दोन्ही बाकडी भरली, पुढं ड्रायव्हरच्या शेजारी दोघं कोंबले, टपावर पोती चढली, की मग किल्ली फिरते. तोवर चंदर नाक्यावर उभा राहून ओरडत असतो, "कर्जत, कर्जत! सुटतेय, सुटतेय!" आणि मी मात्र चिंचेखाली डुलकी काढत असते. या "सुटतेय"ला भुलून धावत आलेली माणसं नंतर अर्धा अर्धा तास घाम पुसत बसायची आणि चंदरला शिव्या घालायची.

चंदरची मुलगी जागृती रोज याच गर्दीत असायची. पुढच्या सीटवर, गिअरच्या दांड्याला गुडघा लावून. ती कर्जतला क्लासला जायची. तलाठ्याच्या भरतीची परीक्षा तिनं एकदा दिली होती. गणित चांगलं गेलं, मराठी उत्तम गेलं, आणि इंग्रजीनं तिला पार बुडवलं. शब्दांचे अर्थ रात्री पाठ असत आणि सकाळी एकमेकांत मिसळून जात. त्यातच क्लासमध्ये तिनं एकदा उभं राहून इंग्रजीत वाक्य बोललं, तर मागची पोरं खिदळली. त्या दिवसापासून इंग्रजी म्हटलं की तिचे ओठ मिटायचे. पुस्तक उघडं, डोळे त्यावर, आणि आवाज बंद.

दुसऱ्या खेपेची तयारी सुरू झाली तेव्हा तिनं घरी स्वतःच सांगून टाकलं होतं, "आता नाय जमलं तर मी खालापूरकडच्या कंपनीत पॅकिंगला जाते. किती दिवस बाबांनी एकट्यानं वढायचं?" त्या दिवशी चंदरनं माझा गिअर दोनदा चुकीचा टाकला. माझे दात करकरले, तरी मी सोसलं. बापाचं मन कुठं होतं, ते मला कळत होतं.

एका सकाळी जीप भरायची वाट बघता बघता जागृती खाली उतरली आणि माझ्या बॉनेटवरच्या धुळीत बोटानं एक शब्द लिहून त्याच्याकडे टक लावून बसली. सोनुबाई तिथंच होती. वरच्या ठाकूरवाडीची, डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी, आणि तोंडाला कधी कुलूप नाही.

"काय गं लिवतेस? बापानं गाडी विकायला काढली का काय?"

"नाय गं मावशी. इंग्रजी शब्द हाय. डोक्यात ऱ्हातच नाय."

"म्हंजे काय त्याचं?"

"रिलक्टंट. मनात नसताना एखादं काम करायचं. आढेवेढे घेत घेत करायचं."

सोनुबाईनं पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग ही तुमची जीपच ती. सकाळी चालू व्हायला किती नखरे करते!"

नाक्यावरची सगळी माणसं हसली. मला राग आला, मित्रांनो, खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं या बाईची पाटी वाहिली, आणि ही माझं असं नाव ठेवते! पण त्याच वेळी मी जागृतीकडे पाहिलं. तीसुद्धा हसत होती. आणि तो शब्द ती मोठ्यानं म्हणत होती. चारचौघांत, तोंड उघडून. माझा राग तिथंच विरघळला.

त्या दिवसापासून माझं बॉनेट म्हणजे तिची लिहायची पाटी झाली. चंदरनं ते पुसणं सोडून दिलं. रोज एक नवा शब्द धुळीत उमटायचा आणि जीप भरेपर्यंत नाक्यावरचं माणूस न् माणूस तो कुणाला शोभतो याचा वाद घालायचं. जेनरस, म्हणजे सढळ हाताचा, हा शब्द सोनुबाईनं भांडून स्वतःकडे घेतला. "मी मूठ मूठ शेंगा फुकट देते, मंग माझाच की तो!" दशरथकाका दहिवलीला एका बंगल्याची राखण करायला जात. छत्री, डबा, चष्मा यांतलं काहीतरी ते रोज माझ्यात विसरत. त्यांच्या वाट्याला ॲब्सेंट-माइंडेड आला. त्यांना तो फार आवडला. कुणी विचारलं की ते ऐटीत सांगत, "आमी ॲब्सेंट-माइंडेड," आणि सांगता सांगता डबा विसरत.

व्याकरणही माझ्यातच झालं. टपावरचं पोतं ऑन, बाकड्यावरची माणसं इन, सीटखालची शेंगांची पाटी अंडर, आणि गिअर नि दशरथकाकांच्या मध्ये चेपलेली जागृती स्वतः बिट्वीन. काळ शिकायला तर तिला पुस्तक लागलंच नाही. दशरथकाका सदा "आमच्या टायमाला असं होतं" म्हणत, म्हणून ते भूतकाळ. सोनुबाई "उद्या देते, उद्या येते" म्हणे, म्हणून ती भविष्यकाळ. आणि एकदा जागृती बापाला म्हणाली, "बाबा, तुमचं 'सुटतेय, सुटतेय' हाय ना, तो प्रेझेंट कंटिन्युअस. चालू हाय, पण पुरं होत नाय." चंदर हसून हसून स्टेअरिंगवर वाकला. भोंगा दाबला गेला आणि समोरची शेळी गटारात उडाली.

अशी ती थंडी गेली आणि परीक्षेचा दिवस आला. केंद्र खोपोलीजवळ होतं, पण पेपर दुपारी होता. चंदरनं ठरवलं, आज भाडं नाही, जीप फक्त जागृतीची. पहाटेच त्यानं मला ओढ्यावर नेलं आणि घासून घासून धुतलं. बॉनेट आरशासारखं केलं, वर झेंडूचा हार घातला. कित्येक महिन्यांत मी इतकी स्वच्छ झाले नव्हते. मला वाटलं, आज आपला मान आहे.

नाक्यावर नेहमीची सगळी माणसं उभी होती. पण एकही पुढं आलं नाही. सोनुबाईनं आदल्या दिवशीच सगळ्यांना बजावलं होतं, "उद्या कुणी बसायचं नाय. पोरीला शांतपणी जाऊ दे. आपल्या बडबडीनं सगळं डोक्यातून जाईल तिच्या." त्यांनी लांबूनच हात हलवले. दशरथकाकांनी तर तोंडावर बोट ठेवलं होतं. जागृतीनं मान हलवली आणि मी निघाले, रिकामी.

मित्रांनो, रिकाम्या जीपचा आवाज तुम्ही ऐकला आहे का? पत्रा खडखडतो, बाकडी उड्या मारतात, आणि त्या खडखडाटात भयंकर एकटं वाटतं. कडावच्या अलीकडच्या वळणावर जागृतीनं पुस्तक मिटलं. तिनं बॉनेटकडे पाहिलं. तिथं धूळ नव्हती. मागं वळून पाहिलं, तर माणसं नव्हती. तिच्या ओठांची पुन्हा तीच गत झाली, घट्ट मिटलेले.

"बाबा," ती म्हणाली, "मला कायपण आठवत नाय."

"आठवल, जागू. पाणी पी."

"नाय आठवत. बाबा, गाडी वळवा."

चंदरचा पाय ब्रेकवर गेला. मी थांबले. तो तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल, ते मी सांगू शकते. कंपनीची बस, पॅकिंगचं टेबल, आणि त्यावर वाकलेली आपली पोर. रागावावं तरी कुणावर? त्यानं एकदा बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि मला वळवलं. माझं स्टेअरिंग त्या दिवशी जितकं जड झालं, तितकं खडीच्या खाणीवरसुद्धा झालं नव्हतं.

नाक्यावर माणसं अजून मागच्या गाडीची वाट बघत उभी होती. जीप परत येताना पाहून सोनुबाईचा चेहरा उतरला. "काय झालं गं माझी बाय?" म्हणत ती धावली.

जागृती खाली उतरली. घराकडे जायला वळेल असं मला वाटलं. पण तिनं माझं मागचं फळकं खाडकन उघडलं.

"मावशी, बस. काका, तुमीपण बसा. सगळी बसा. गाडी भरल्याशिवाय मला नाय जमत."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग समजलं, आणि अशी झुंबड उडाली की विचारू नका! शेंगांची पाटी अंडर गेली, पोती ऑन गेली, माणसं इन झाली. चंदर नाक्यावर उभा राहिला. सवयीनं तो ओरडलाच, "सुटतेय, सुटतेय!" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते खरं झालं. मी त्याच क्षणी सुटले.

मग काय तो गोंगाट! "जेनरस कोण? मी!" "ॲब्सेंट-माइंडेड कोण? आमी! अरं, माझा चष्मा कुठं हाय?" पुलाच्या चढावर मी नेहमीसारखी खोकले, तर मागची सगळी बाकडी एका सुरात ओरडली, "रिलक्टंट!" जागृती हसली, आणि मग तीच विचारू लागली आणि तीच सांगू लागली. एकेका माणसाच्या मागून त्याचा शब्द आला, आणि त्या शब्दाच्या मागून पुस्तकातले दुसरे शब्दही आले.

कर्जत आलं. चंदरनं गाडी हळू केली. उतरणारे थोडे उतरले. दशरथकाका मात्र बसून राहिले. "बंगला कुठं पळून जात नाय," ते म्हणाले. सोनुबाईही हलली नाही. तिचा बाजार बुडेल म्हणून चंदर कळवळला, तर म्हणते कशी, "खोपोलीची माणसं वाल खात नायत का रं?" आणि खरंच, जागृती आत पेपर लिहीत होती तेव्हा बाहेर ताटकळलेल्या आईबापांनी सोनुबाईची पाटी रिकामी केली. आत जाण्यापूर्वी जागृतीनं माझ्या बॉनेटवर तळहात टेकवला होता. वाटेतली धूळ तिच्या हाताला लागली. ती तिनं पुसली नाही.

मित्रांनो, जागृतीची निवड झाली. आता ती अलिबागच्या बाजूला एका गावची तलाठी आहे आणि लोक तिच्याशी मानानं बोलतात. माझे दिवस मात्र भरले. कागदपत्रांची मुदत संपली, इंजिनानं हात टेकले. काही काळ मी घरामागं गवतात पडून होते. ज्यांना वाहिलं, तीच माणसं मला वळसा घालून जात होती. सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. एक दिवस भंगारवाला आला, त्यानं माझ्या पत्र्यावर टकटक केली, आणि चंदरही होकार देणार होता. पण जागृती सुट्टीला आली होती. ती दारातूनच म्हणाली, "बाबा, हिला नाय द्यायची." भंगारवाला गेला. त्यानंतर मला जांभळाखाली विटांवर बसवलं आणि बाकड्यांना नवं रेक्झिन शिवलं.

आता दर सुट्टीला आसपासच्या वाड्यांतली पोरं अभ्यासाला माझ्यात येतात. शब्द बॉनेटवर लिहिले जातात आणि वाक्यं बाकड्यांवर घडतात. तेव्हा, मित्रांनो, एक विनंती. जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. मी जरा वेगळं सांगते. मला धुऊन पुसून हार घालून एकटी ठेवू नका. माझ्यावर धूळ बसू द्या, आणि माझ्यात माणसं बसू द्या. आणि तुमच्यातलं कुणी अभ्यासाला घाबरून गप्प झालं असेल, तर त्याला शांतता हवी असं समजून लांबून हात हलवू नका. आत या आणि त्याच्या शेजारी बसा.

आज सकाळी दोनच पोरं आली होती. वह्या उघडून तयार होती. पण जागृतीनं पहिला शब्द विचारला नाही. मागच्या बाकड्यावर म्हातारी सोनुबाई आधीच येऊन बसली होती, रिकामी पाटी मांडीवर घेऊन. जागृती ड्रायव्हरच्या जागेवर चढली, बाहेर मान काढली, आणि अगदी बापाच्या आवाजात ओरडली, "सुटतेय, सुटतेय!" वाडीकडून पावलं धावत येऊ लागली. मला ना चाकं, ना इंजिन. पण मित्रांनो, खरं सांगते, आता मी मुळीच आढेवेढे घेत नाही.