नर्मदेच्या पुलावरचा वाघ

भटू दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, कुसुमताईचा नवरा. सुरतेच्या अख्ख्या लिंबायतमध्ये आपल्यासारखा ट्रक ड्रायव्हर नाही, असं त्यांचं मत होतं आणि कुणी विचारो न विचारो, ते सांगत सुटायचे. गाडी चालवताना त्यांचा एक हात स्टेअरिंगवर आणि एक खिडकीबाहेर. बाहेरचा हात कशाला, तर रस्त्यावरच्या बाकीच्या ड्रायव्हरांना अक्कल शिकवायला.

मी त्यांच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर. माझंही लायसन पक्कं होतं, पण दाजी मला स्टेअरिंग द्यायचे फक्त सरळ, रिकाम्या रस्त्यावर, आणि तेही त्यांना झोप आली तरच.

अठ्ठ्याण्णवच्या जूनची गोष्ट. कांडला बंदराच्या बाजूला मोठं वादळ येणार, असं रेडिओवर सांगत होते. सुरतेतही सकाळपासून पत्रे वाजत होते. आमच्या गाडीत भरले होते रिकामे कोन. लूमवाले ज्यावरचं सूत वापरतात ना, ते पुठ्ठ्याचे कोन. सूत संपलं की ते परत फॅक्टरीत पाठवायचे. वजन काहीच नाही, पण ढीग केबिनच्याही वर दीड माणूस. त्यावर ताडपत्री आवळलेली. म्हणजे ट्रक कसला, चाकांवर उभं केलेलं शीडच.

अंकलेश्वर सोडलं तेव्हा गाडी डावीकडून ढकलल्यासारखी सरकायला लागली. नर्मदेच्या पुलाअलीकडे ट्रकांची ओळ कडेला उभी होती. एक म्हातारा ड्रायव्हर हात आडवा करून सगळ्यांना थांबवत होता. "हलका माल है, मत जाओ," तो ओरडला.

"दाजी, थांबू या ना," मी म्हणालो. "नाहीतर ताडपत्री तरी सोडू."

"साले," दाजी म्हणाले. नात्याने मी त्यांचा सालाच, त्यामुळे रागावायची सोय नव्हती. मग ते आमच्या अहिराणीत सुरू झाले. "लोखंडाची गाडी शे ही. हवा काय करी हिले? ह्या सगळ्या बायका शेत, बायका!"

असं म्हणून त्यांनी त्या बायकांच्या ओळीकडे खिडकीतला हात हलवला आणि गाडी पुलावर घातली.

पुलाच्या मध्यापर्यंत ते काही ना काही बोलत होते. मग समुद्राकडून एक झोत आला आणि माझ्या बाजूची चाकं उचलली गेली. फार नाही, वीतभर असतील. पण आपण बसलोय ती बाजू वर चालली आहे, हे पोटाला लगेच कळतं. दाजींनी ब्रेक दाबला, स्टेअरिंग सोडलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि "माय वं!" म्हणून किंचाळले. चाकं धप्पकन खाली आली. दाजींनी दार उघडलं आणि उडी मारली. तीही कुठे, ज्या बाजूला गाडी पडणार होती त्याच बाजूला! शेवटी गुडघ्यांवर रांगत पलीकडच्या कठड्यापाशी गेले आणि त्याला मिठी मारून बसले.

मी काही शूर वगैरे नव्हतो. मलाही उतरायचंच होतं. पण माझ्या बाजूचं दार वारा आत दाबत होता, ते उघडेना. दाजींच्या बाजूने उतरावं तर डोलणाऱ्या गाडीखाली जायचं. सीटखालचा सुरा घेतला, त्यांच्या दारातून कमरेपर्यंत बाहेर वाकलो आणि केबिनमागच्या आकड्यावरचा ताडपत्रीचा दोर कापला. बाकीचं काम वाऱ्यानेच केलं. ताडपत्री एकदा फाडदिशी वाजली आणि गेली. तिच्यामागे कोन निघाले. गुलाबी, पिवळे, निळे, हजारो कोन गाडीवरून उडून पलीकडच्या कठड्यावरून नर्मदेत चालले होते. वाटेत दाजींची पाठ होती. कोन लागेल तसे ते "मारू नको रे" म्हणत होते. कुणाला, देव जाणे.

गाडी हलकी होऊनही स्थिर झाली, कारण वाऱ्याला धरायला आता काही उरलं नव्हतं. मी पहिल्या गिअरमध्ये ती पलीकडे नेली. बऱ्याच वेळाने दाजी कठडा धरत धरत आले, पाणी प्याले आणि म्हणाले, "गाडी बरोबर लाव ना! काही अक्कल?"

सुरतेला पोचेपर्यंत दोर दाजींनी कापला होता. लिंबायतच्या चहाच्या गाड्यावर पोचेपर्यंत मी रडत होतो आणि त्यांनी एका हाताने मला धरलं होतं, दुसऱ्याने स्टेअरिंग. दोर बहुधा दाताने कापला असावा. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या पोरांनी त्यांचा हार घालून सत्कार केला. सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात ऑफिस असलेले गाडीचे मालक, आमचे शेठ, स्वतः आले. माल गेला, पण गाडी वाचली म्हणून खूश होते. "भटूभाई, तमे तो वाघ छो, वाघ!" वाघाने मान खाली घालून नमस्कार केला. पँटचे गुडघे फाटलेले होते, ते कुणी पाहिले नाहीत.

मीही टाळ्या वाजवल्या. बहिणीचा नवरा. बोलून काय करता?

कुसुमताईने मात्र मला स्वयंपाकघरात गाठलं. "आनंदा, खरं सांग. काय व्हयनं व्हतं?"

मी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत राहिली. हसली नाही, चिडलीही नाही. "गुडघा फुटेल शेत त्याना," एवढंच म्हणाली. "मी काय आंधयी शे का?"

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर पदर घेऊन शेठच्या ऑफिसात गेली. मला वाटलं, आता वाघाचं कातडं सोलून येणार. मी मनातल्या मनात पेढे वाटले. पण तिने शेठसमोर डोळ्यांना पदर लावला. माझा माणूस फार धाडसी आहे, म्हणाली. वादळ बघत नाही, पूर बघत नाही. एक दिवस तुमची गाडी आणि माझं कुंकू दोन्ही घालवेल. त्याला ऑफिसात बसवा, नव्या ड्रायव्हरांना शिकवेल.

शेठ गहिवरले. पंधरवड्यात दाजींना खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, पंखासुद्धा मिळाला.

मी ताईवर भडकलो. "अगं, तू त्यांना बक्षीस देऊन आलीस! खरं सांगायचं ना!"

"खरं सांगतू ते नोकरी गयी असती," ती म्हणाली. "दुसऱ्या शेठनी गाडी धरतात, दुसऱ्या पुलावर जातात. आते पंख्याखाले शेत. रस्त्यावरना लोके वाचनात, मी वाचनू, तू बी वाचना. बोलू दे त्यास्ले. बोलाले काय लागस?"

हिशेब तिचा बरोबर होता. राग मात्र गेला नाही.

गाडी माझ्याकडे आली. दाजी रोज इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात जातात आणि नव्या ड्रायव्हरांना वादळात गाडी कशी चालवावी ते शिकवतात. वारा आला की स्पीड वाढवायचा, असं सांगतात. मग ते ड्रायव्हर माझ्याबरोबर पहिल्या फेरीला येतात. सुरतेतलं उधना सोडायच्या आत मी त्यांना सांगतो, ऑफिसात जे ऐकलं ते विसरा. वारा आला की थांबायचं. ते माझ्याकडे बघतात. त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसतं, हाच तो रडका साला.