धिप्पीने धरलेलं दार

रविवारी दुपारी जेवणं उरकली की लेकीच्या घरचं टेबल पुसलं जातं आणि आम्ही चौघं त्याभोवती बसतो: लेक, जावई, आमची ही आणि मी. हा खेळ पोरांचा नाही, हे आधीच सांगतो. मला स्वतःलाच ते पटायला बरेच दिवस लागले. लेक गोष्ट सांगते. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. पुढे पूल तुटलेला आहे, लेक म्हणते, तुम्ही काय करता? आपण सांगायचं. ते जमलं की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. फाशावरच्या आकड्यात आपल्या माणसाची ताकद किंवा चपळाई मिळवायची; बेरीज पुरेशी मोठी झाली तर जमलं.

सुरुवातीला वाटून घ्यायला प्रत्येकाला सारखेच गुण असतात. ते ताकदीत घालायचे की चपळाईत, यावर माणसं तासन्‌तास भांडतात म्हणे. माझा जन्म ग्रंथालयात पुस्तकं लावण्यात गेला, त्यामुळे नियमांचं जाडजूड पुस्तक मी मुकाट्याने वाचून काढलं आणि, कधी नव्हे तो, सल्ला दिला. सगळं चपळाईत घाला. चपळ माणूस आधी वार करतो, दुसऱ्याचा वार चुकवतो, आणि हातात धनुष्य किंवा पातळ तलवार असली तर त्याचा नेमही चपळाईवरच चालतो. ताकदीचा उपयोग काय, तर अवजड हत्यारं पेलणं आणि ओझी उचलणं. आपल्याला कुठे ओझी उचलायची आहेत?

जावई दातांचा डॉक्टर. बारीक हत्यारांची त्याला सवयच. त्याने पातळ तलवार घेतली. मी धनुष्य घेतलं. खरं तर माझ्या हातून चहाचा कप सरळ टेबलावर पोचत नाही, पण गोष्टीत काय, काहीही होता येतं. आम्ही दोघांनी ताकदीपुढे नियमात बसेल तेवढा लहानात लहान आकडा लिहिला. मला माझ्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं.

"मला हातोडा हवा," ही म्हणाली. "मोठा. दोन्ही हातांनी उचलायचा."

"अगं, पण चपळाईत—"

"जन्मभर लोकांच्या कपड्यांना तुरपाई केली, काजं केली. सुईत दोरा ओवताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा. पुरे झाली तुमची चपळाई. आता जरा दणके देऊ दे."

"आई, ती बाई दारातून आत मावायला हवी हं," जावई म्हणाला.

"नाही मावली तर दार मोठं होईल. तुमचं काय जातंय?"

अशी तिची धिप्पाड बाई जन्माला आली. लाडाने धिप्पी. दीडेक वर्षात ती आमच्या घरात राहायलाच आली म्हणा ना. बरणीचं झाकण निघेना की ही म्हणायची, थांबा, धिप्पीला विचारते. लग्नाचं आमंत्रण रविवारी आलं तर जायचं की नाही, यावर आमच्यात कुरबुर व्हायची. लेकीचा नियम कडक होता: गोष्टीत मेलेलं माणूस परत येत नाही. म्हणून कुठे मोठा धोका दिसला की हिचा हात नकळत धिप्पीचे आकडे लिहिलेल्या कागदावर यायचा, झोपलेल्या मुलावर ठेवावा तसा.

त्या रविवारी आम्ही एका डोंगरातल्या किल्ल्यातून पळत होतो. मागून भुयारात पाणी भरत येत होतं. बाहेर पडायचं दार एकच, वरून खाली उतरणारं लोखंडी, आणि लेक म्हणाली, "साखळी तुटली. दार पडतंय."

"मी धरते," ही म्हणाली आणि फासा टाकला. आकडा चांगला पडला. धिप्पीने हातोडा टाकून खांद्यावर दार झेललं.

जावई त्याच्या पाळीला दाराखालून सटकला. मी मागे राहिलो होतो.

"पुढच्या वेळी आणखी जड," लेक म्हणाली. "आई, प्रत्येक फेरीला जड होत जाणार."

"होऊ दे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही खुर्चीतून उठून उभी राहिली आहे. दोन्ही हात वर, तळवे छताकडे, गुडघे किंचित वाकलेले. एका हाताच्या बोटांत फासा अडकवलेला. आपण उभ्या आहोत हे तिला माहीत नसावं.

दार अडवून धरायला काहीतरी हवं होतं, आणि टेकू होईल असा तो हातोडाच होता. तो उभा करून दाराखाली सरकवला असता तर धिप्पीही सुटली असती. पण तो सरकवणार कोण? जावई बाहेर आणि त्याच्याही अंगात जोर नाही. उरलो मी, लहानात लहान आकड्याचा धनी.

"टाका हो," ही म्हणाली.

मी फासा टाकला. चार.

"हातोडा हललासुद्धा नाही, बाबा," लेक हळूच म्हणाली.

हिने एका हाताने पुन्हा टाकला आणि तो हात परत वर नेला. दार राहिलं. तिच्या बारीक दंडांना कंप सुटला होता.

"जा तुम्ही," ती मला म्हणाली.

"मी पुन्हा हातोडा ओढून बघतो."

"पाणी आलंय. जा."

"मी नाही जात."

"एवढी पुस्तकं वाचलीत आणि एवढंही कळत नाही? मी हे धरलंय कोणासाठी? निघा!"

मी निघालो. त्याला चपळाई पुरे होती. एकोणीस पडले, इतका चांगला आकडा मला कधी पडला नव्हता, आणि इतका नकोसाही झाला नव्हता.

हिने शेवटचा फासा टाकला. तो घरंगळत माझ्यापुढे आला. दोन.

ज्याचं माणूस पडतं, त्याचा शेवट त्यानेच आपल्या तोंडाने सांगायचा, अशी आमच्या टेबलाची रीत आहे. ती पाळायची वेळ पहिल्यांदाच आली होती. लेकीला ती मोडावीशी वाटत होती, हे मला तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"आई, हवं तर मी..."

"थांब. मीच सांगते." हिने हात खाली घेतले नाहीत. "पाणी कमरेपर्यंत आलंय. गार आहे. ती वळून बघते, दोघं बाहेर उजेडात आहेत. मग ती दाराला म्हणते, चल, आता तू आणि मी. आणि सोडत नाही. दारच तिला खाली घेऊन जातं. तिने सोडलेलं नाही, हे लिहून ठेव गं कुठेतरी."

लेकीने मान हलवली. जावयाने चष्मा काढून शर्टाला पुसला.

मी हिच्याकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला शिवणावर वाकलेली पाहिली, ओट्याशी पाहिली, आजारपणात माझ्या उशाशी पाहिली. पण अशी, मान ताठ करून छताकडे पाहणारी, कधी पाहिली नव्हती. केवढी उंच दिसत होती! लेकीचा दिवाणखाना तिला अपुरा पडेल असं वाटायला लागलं.

तिने सावकाश हात खाली आणले आणि खुर्चीत बसली.

"जड होतं का गं?" मी विचारलं. प्रश्न खुळाच होता, पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"भयंकर," ती म्हणाली, आणि दंड चोळत लहान मुलीसारखी हसली.